आखूड कुरळ्या केसांतील दुपेडी पीळ

दुपेडी पीळ ही घट्ट कुरळ्या केसांची एक केशरचना आहे. केसांची लहानशी बट घेऊन तिचे दोन सारखे पेड करायचे आणि ते एकमेकांवर वळत मुळापासून शेंड्यापर्यंत न्यायचे, एवढीच तिची कृती. जगभर तिला ‘टू-स्ट्रँड ट्विस्ट’ किंवा नुसते ‘ट्विस्ट’ म्हणतात. आफ्रिकेत, तसेच अमेरिका, कॅरिबियन बेटे, ब्राझील आणि ब्रिटन इथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत ही रचना रोजच्या वापरातली आहे. स्त्रिया, पुरुष आणि मुले सगळेच ती करतात. या संदर्भात ‘नैसर्गिक केस’ म्हणजे रसायनाने किंवा उष्णतेने सरळ न केलेले, जसे उगवतात तसे ठेवलेले केस.

आपली वेणी तिपेडी असते आणि एक पेड दुसऱ्याच्या खालून-वरून जात तिची वीण तयार होते. दुपेडी पिळात वीण नसते, तो दोरीचा प्रकार आहे. अंबाडीची किंवा काथ्याची दोरी वळताना ज्याने पाहिली आहे त्याला ती युक्ती सांगायला नको: प्रत्येक पेड स्वतःभोवती उजवीकडे पिळायचा आणि दोन्ही पेड एकमेकांवर मात्र डावीकडे गुंडाळायचे. एक पीळ उलगडू पाहतो तेव्हा दुसरा आवळला जातो, म्हणून गाठ न मारता दोरी टिकते. अतिशय घट्ट कुरळ्या केसांत पेडाला वेगळा पीळ दिला नाही तरी चालते, कारण केसांच्या वेटोळ्याच एकमेकींना धरून ठेवतात. रबर, पिन, रिबीन यांपैकी काहीही न वापरता पीळ आठवडाभर जागचा हलत नाही, तो यामुळे.

या केसांची घडण समजून घेतली की रचनेचे कारणही कळते. केसाचे मूळ त्वचेत वक्र असते आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपट्या लंबगोलासारखा असतो. टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. इथे ते वळणावळणावर अडते. परिणामी टाळू तेलकट आणि शेंडे कोरडे अशी स्थिती असते. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची कमकुवत जागा असते, आणि रोजच्या विंचरण्याने केस नेमका तिथे तुटतो. पिळात घातलेल्या केसांना काही दिवस कंगवा लागत नाही, ओलावा आत राहतो आणि शेंडे झाकलेले राहतात. म्हणून दुपेडी पिळाची गणना ‘संरक्षक’ केशरचनांत होते. ही रचना शोभेसाठी करतात हे खरेच, पण निम्मे काम ती केस वाचवण्याचे करते.

‘आखूड’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. ओला असताना ताणून १५ सेंटिमीटर भरणारा केस वाळल्यावर आक्रसून ५ सेंटिमीटरचा दिसू शकतो. त्यामुळे लांबी मोजायची ती बट हलक्या हाताने ताणून. ताणलेली लांबी साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरे असली की दुपेडी पीळ नीट बसतो. सरावलेला हात ४ सेंटिमीटरवरही तो घालतो. त्याहून आखूड केसांना दोन पेड पुरत नाहीत. तिथे बारीक दातांचा कंगवा मुळाशी खुपसून एकाच बटेला गोल फिरवत नेतात, याला ‘कोम ट्विस्ट’ म्हणतात. किंवा छिद्रांचा स्पंज डोक्यावर गोलाकार फिरवतात. पुरुषांच्या सलूनमध्ये हे जास्त दिसते. एकाच डोक्यावर दोन्ही पद्धती एकत्र येणे अगदी नेहमीचे आहे, कारण मानेवरचे आणि कानशिलाजवळचे केस बाकीच्यांपेक्षा आखूड असतात.

अनेक स्त्रियांच्या आयुष्यात आखूड केसांचा हा टप्पा ‘बिग चॉप’नंतर येतो. केस सरळ करणारे ‘रिलॅक्सर’ नावाचे तीव्र अल्कली रसायन वापरणे थांबवले की मुळाकडून कुरळे केस उगवू लागतात आणि टोकाकडे जुने सरळ केस राहतात. जिथे हे दोन्ही पोत भेटतात तिथे केस तुटतो. शेवटी सरळ भाग एकदाच कापून टाकतात, आणि आरशात स्वतःचे मूळ केस, काहींना तर लहानपणानंतर प्रथमच, दिसतात. असे केस महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत यायला वर्षे लागतात. ‘केस वाढू देत, मग काहीतरी करू’ असे म्हणत ही वर्षे काढणे मला पटत नाही. दुपेडी पीळ पहिल्या काही महिन्यांतच घालता येतो, आणि आखूड केसांत तो जितका उठून दिसतो तितका लांब केसांत दिसत नाही, कारण आखूड पीळ खाली लोंबत नाही, डोक्याच्या आकाराबरोबर उभा राहतो.

पीळ घालताना केस धुतलेले, कंडिशनर लावून गुंता काढलेले आणि किंचित ओलसर असावेत. पाणी निथळणारे केस नकोत, वाळून ताठ झालेलेही नकोत. गुंता नेहमी शेंड्याकडून सोडवत मुळाकडे यायचे, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या फणीने. काम आटोक्यात राहावे म्हणून डोक्याचे चार भाग करून तीन भाग चापांनी बांधून ठेवतात आणि मानेपासून सुरुवात करतात.

मग भांग पाडायचा. आखूड केसांत चौकोन साधारण २ सेंटिमीटरचा घेतात. भांगाच्या रेषा जाळीसारख्या सरळ आल्या तर टाळू चौकटीचौकटीने दिसते, म्हणून चौकोन विटांच्या बांधकामासारखे पाडतात: वरच्या ओळीतल्या दोन विटांचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर यावा. हे एवढे साधले की केस विरळ असले तरी डोके भरलेले दिसते.

एक बट घेऊ. तिला पाण्याचा हलका फवारा, त्यावर लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचे) कंडिशनर आणि वर वाटाण्याच्या पावपट शिया बटर किंवा ट्विस्ट क्रीम लावायचे. शिया हे घाना, बुर्किना फासो, माली या पश्चिम आफ्रिकी पट्ट्यात वाढणाऱ्या झाडाच्या बीचे घट्ट तूप; तळहातावर चोळून ते पाघळले की मगच केसांना लावायचे, नाहीतर पांढरे कण राहतात. बटेचे दोन पेड केले की पहिला वेढा टाळूला लागूनच घ्यायचा. इथे सैल पडलेला पीळ मुळाशी फुगतो आणि दोन दिवसांत सुटतो. मात्र ओढायचेही नाही. बोटाच्या चिमटीला केस घट्ट लागावा, टाळूला ताण लागू नये. वेढे घेत खाली येताना एक पेड बारीक होऊ लागला तर दुसऱ्यातले चार केस त्याला द्यायचे. शेवटचा एक सेंटिमीटर हाच आखूड केसांतला कसोटीचा भाग आहे. लांब केसात शेंडे सुटले तरी पीळ टिकतो, इथे शेंडा सुटला की अर्धा पीळच उलगडतो. म्हणून शेंड्याला किंचित जेल लावून तो तर्जनीभोवती गुंडाळतात आणि काही क्षण धरून ठेवतात. बोट काढले की शेंडा गोल आकड्यासारखा राहतो. असे शे-दीडशे पीळ होतात आणि सरावलेल्या हातालाही दोन-तीन तास लागतात. हे काम बहुधा बसून, कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये डोके देऊन, गप्पा मारत होते. आई-मुलगी आणि मैत्रिणी यांच्यात कित्येक गोष्टी या वेळात बोलून होतात.

शेंडे धरण्यासाठी अळशीचे घरगुती जेल फार उपयोगी पडते आणि ते आपल्याकडच्या स्वयंपाकघरात सहज होते. पाव वाटी अळशी दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळायची. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली की आच बंद करून लगेच, गरम असतानाच गाळायचे. गार झाल्यावर गाळू म्हटले तर ते फडक्यातून उतरत नाही. फ्रिजमध्ये ते आठवडाभर राहते. एरंडेल तेलही पूर्वापार वापरात आहे. जमैकात एरंडीच्या बिया भाजून काढलेले काळसर तेल प्रसिद्ध आहे.

पीळ पूर्ण वाळू देणे याला पर्याय नाही. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. आतून ओलसर असताना पीळ सोडला तर आकार धरलेलाच नसतो आणि केस पिंजलेल्या कापसासारखे होतात. आखूड पिळांना वाळायला कित्येक तास किंवा अख्खी रात्र लागते. कोकणात किंवा मुंबईत, विशेषतः पावसाळ्यात, हवेतला ओलावाच हे बंध पुन्हा सैल करतो. अशा दिवसांत पीळ न सोडता तसाच ठेवणे शहाणपणाचे.

पीळ उलगडूनही केस मिरवता येतात, त्याला ‘ट्विस्ट-आउट’ म्हणतात. बोटांना तेल लावून शेंड्याकडून उलट दिशेने पीळ सोडायचा, प्रत्येक पेड हवा तर आणखी दोन भागांत अलग करायचा आणि रुंद दातांचा पिक (उभी फणी) फक्त मुळाशी घालून केस उचलायचे. नागमोडी, भरीव आणि ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला बसेल असा आकार मिळतो.

रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा वापरतात, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि घासतो. जुन्या रेशमी साडीचा मऊ तुकडा डोक्याला बांधला तरी तेच काम होते. आखूड केसांतला पीळ एक ते दोन आठवडे ठेवावा. याहून बराच काळ तो सोडलाच नाही तर गळलेले केस आतच अडकतात, गुंता वाढतो आणि काही महिन्यांत पेड एकजीव होऊ लागतात. लॉक्स, म्हणजे अशा एकजीव झालेल्या बटा, हव्या असलेले लोक मुद्दाम याच वाटेने जातात. त्या नको असतील तर पीळ वेळेवर उलगडावे लागतात.

सर्वांत मोठा धोका ओढीचा आहे. महिनोन्‌महिने घट्ट केशरचना केल्याने कानशिलाजवळचे आणि कपाळावरच्या कडेचे केस विरळ होतात, आणि मूळ कायमचे निकामी झाले तर ते परत येत नाहीत. पीळ घालताना दुखणे किंवा मुळाशी बारीक पुळ्या येणे हा स्पष्ट इशारा आहे. ‘पहिल्या दिवशी दुखतेच’ हे ऐकून घेऊ नये. ते पीळ लगेच सोडावेत.

या रचनेमागे बराच संघर्ष आहे आणि तो गाळून तिच्याबद्दल लिहिता येत नाही. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस कापडाखाली झाकण्याची सक्ती केली. त्या स्त्रियांनी त्या कापडाचेच देखणे शिरोभूषण केले. पुढे गुलामगिरी संपल्यावरही नोकरी आणि मान मिळवायचा तर केस सरळ हवेत, हा दबाव राहिला. गरम कंगवा आणि पुढे रिलॅक्सर घरोघर गेले. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर आफ्रो, म्हणजे कुरळे केस डोक्याभोवती गोल फुलवलेली रचना, पुढे आला, आणि २००० नंतर घरी काढलेल्या व्हिडिओंमुळे पीळ घालण्याचे ज्ञान एका घरातून दुसऱ्या देशात पोचू लागले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. त्यानंतर रिलॅक्सर सोडण्याच्या निर्णयाला आरोग्याचेही कारण मिळाले.

अमेरिकी लष्कराने २०१४ च्या मार्चमध्ये काढलेल्या नियमांत पिळांना मनाई होती. तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुपेडी पिळांना परवानगी मिळाली. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्निया हे ‘क्राउन ॲक्ट’ करणारे पहिले राज्य झाले. वेण्या, लॉक्स आणि पीळ यांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करण्यास या कायद्याने बंदी घातली. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. केस कसे उगवतात यावरून माणसाला कामावरून काढता येऊ नये, यासाठी एकविसाव्या शतकात कायदा करावा लागला.

महाराष्ट्रात असे पीळ पाहून काहींच्या तोंडी ‘जट’ हा शब्द येतो. तो चूक आहे. जट म्हणजे न विंचरल्याने, न धुतल्याने आपोआप गुंतून घट्ट झालेले केस; यल्लम्मा देवीचा कोप होईल या भीतीने ते कापू दिले जात नाहीत. त्यांच्या ओझ्याने माना दुखतात आणि टाळूला जखमा होतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजावून सांगून जट कापतात, ते काम मोलाचे आहे. दुपेडी पीळ धुतलेल्या, गुंता काढलेल्या केसांत घातला जातो आणि हवा तेव्हा मिनिटभरात सुटतो. दोन्हींत साम्य फक्त लांबून दिसते.

आपल्याकडचे कुरळे केस बहुधा एवढे घट्ट नसतात; त्यांच्या वेटोळ्या मोठ्या आणि सैल असतात. अशा आखूड केसांत पीळ घालायचा तर बट थोडी मोठी घ्यावी, प्रत्येक पेड आधी स्वतंत्रपणे पिळून घ्यावा आणि शेंडा छोट्या रोलरवर गुंडाळून वाळेपर्यंत तसाच ठेवावा. सरळ केसांत मात्र जेल लावूनही हा पीळ फार टिकत नाही.