वाळूचा किनारा, मऊ लाटा: सर्फिंग इथवर कसं आलं

सर्फिंग म्हटलं की सगळ्यांना घराएवढी उंच लाट आठवते, पण हवाईबाहेर हा खेळ रुजला त्या गोष्टीत साधे वाळूचे किनारे पुन्हा पुन्हा येतात आणि मला तोच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. हवाईत लाटेवर उभं राहणं शेकडो वर्षांपासून चालू होतं, १७७९ मध्ये दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने ते लिहूनही ठेवलंय. मग १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला आलेले तीन हवाईयन राजपुत्र सांताक्रूझला सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्या घेऊन उतरले. १९०७ ला जॉर्ज फ्रीथ हा हवाईचा सर्फर कॅलिफोर्नियातच रेडोंडो बीचवर लाटा पकडून दाखवायचा, लोक बघायला जमायचे.

पण खरी आवडती गोष्ट सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचची. ऑलिम्पिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू १९१४ च्या शेवटी तिकडे गेला, पाइनच्या लाकडातून स्वतःच बोर्ड कोरला आणि लाटांवर उभा राहिला, त्याच उन्हाळ्यात इझाबेल लेथम या १५ वर्षांच्या मुलीला आपल्याच बोर्डवर पुढे घेऊन लाट पकडली. तो बोर्ड फ्रेशवॉटरच्या क्लबमध्ये अजून जपून ठेवलाय.

आता वाळूच का? पाण्याखालचा उतार मंद असला की लाट एकदम कोसळत नाही, वरून फेस सांडत सांडत फुटते, त्यामुळे उभं राहायला वेळ मिळतो, पडलात तर खाली खडक किंवा प्रवाळ नाही, वाळू आहे. (तरी डोकं खाली घालून पडू नका, उथळ पाण्यात वाळूसुद्धा दगडासारखी लागते.) फक्त पाण्याखालचा वाळूचा बांध, म्हणजे सँडबार, वादळांनी सरकत राहतो, म्हणून परवा जिथे छान लाट होती तिथे आज काहीच नसतं, जुने लोकही रोज आधी उभे राहून पाणी बघतात ते यासाठीच.

दुसरी अडचण बोर्डची. जुन्या अखंड लाकडी फळ्या प्रचंड जड, वळवायच्या तर पाय पाण्यात घालून. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने पोकळ बोर्ड केला, १९३५ ला खाली फिन, म्हणजे बोर्ड घसरू न देणारा माशाच्या परासारखा तुकडा, लावली, मग महायुद्धानंतर फायबरग्लास आणि फोम आले आणि बोर्ड एकट्याला उचलता येईल इतका हलका झाला. लीश, म्हणजे बोर्ड आपल्याला बांधून ठेवणारी दोरी, मात्र १९७० च्या आसपास आली, तोवर पडलं की बोर्ड किनाऱ्याकडे आणि आपण पोहत मागे, खडकाळ जागी तो फुटायचाच, वाळूवर निदान नुसता येऊन पडायचा. सुरुवातीच्या लीश इतक्या ताणल्या जायच्या की बोर्ड उलटा अंगावर यायचा, वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, बनवणारे जॅक ओनील यांचा एक डोळा अशाच अपघातात गेला.

त्यानंतर वरून मऊ फोम असलेले बोर्ड आले, आणि आज कंबरभर पाण्यात, आधीच फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर पहिल्यांदा उभं राहायला शिकवतात ते बहुतेक याच बोर्डांवर.