गोव्यात मराठी जाणणारे फक्त ११ टक्के?

गणपतीच्या दिवसांत एक रंगीत नकाशा हमखास फिरतो: 'गोव्यात मराठी अवघ्या ११ टक्क्यांना येते.' आकडा खोटा नाही. त्याखालचे वाक्य खोटे आहे.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. प्रगणक मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव लिहितो. येणाऱ्या इतर भाषांचा, जास्तीत जास्त दोन, प्रश्न वेगळा असतो. नकाशा करणाऱ्याने पहिला रकाना उचलला आणि 'मातृभाषा' पुसून 'येते' लिहिले.

फोंड्यातले कुठलेही घर घ्या. चुलीपाशी कोकणी, आरतीला मराठी, सकाळी हातात मराठी पेपर. प्रगणकाला आजी काय सांगणार? बहुधा कोकणी, आणि ते बरोबरच. पण म्हणून तिला मराठी येत नाही असे म्हणाल, तर ती तुम्हाला हरिपाठ ऐकवील!

आणखी एक मेख आहे. लोकांनी सांगितलेली नावे जनगणना मोठ्या भाषांच्या गटांत घालते. मालवणी कोकणीच्या गटात मोजली जाते. तो गट करणे योग्य की अयोग्य, यावर सावंतवाडीत रात्रभर वाद रंगेल. नकाशावर मात्र एकच रंग दिसतो.

उलट बाजूचे लोकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 'सगळा गोवा मराठीच' म्हणणाऱ्यांना या तक्त्यात आधार मिळत नाही.