लेसरची वाट आणि संगणकातील हवा

लेसरची शलाका सरळ रेषेत जाते, हे विधान हवेत शिरताच सैल पडते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वाताच्या तुलनेत प्रकाश किती मंदावतो याचे माप, सुमारे १.०००३ असतो आणि तापमान एका अंशाने बदलले की तो दहा लाखांत जेमतेम एका भागाने बदलतो. फरक नगण्य वाटेल. पण मीटरभर हवेतही त्यामुळे प्रकाशाच्या वाटेत जवळजवळ एक मायक्रोमीटरची, म्हणजे तांबड्या लेसरच्या सुमारे दीड तरंगलांबीची तफावत पडते. तापलेल्या जमिनीवरून किलोमीटरभर गेलेल्या शलाकेचा ठिपका म्हणूनच नाचतो, पसरतो आणि डागाडागांत फुटतो.

हे संगणकावर मांडताना हवेतील प्रत्येक भोवऱ्याचा माग कोणी काढत नाही. मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा पायरीपायरीने लहान भोवऱ्यांकडे जाते आणि त्या उतरंडीला ठरावीक सांख्यिकी रूप असते, असे रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्या रूपाबरहुकूम यादृच्छिक संख्यांमधून हवा रचली जाते. मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली सारी खळबळ एकेका पातळ काल्पनिक पडद्यात गोळा करतात. पडदा ओलांडताना तरंगाची फक्त कला (चढउताराची अवस्था) बदलते, आणि दोन पडद्यांमधली हवा शांत मानून तेवढ्या अंतरातले विवर्तन, म्हणजे प्रकाशाचे पसरणे, फूरियर रूपांतराने (तरंगाची साध्या लहरींत फोड करणाऱ्या गणिती रीतीने) काढतात. दर खेपेला पडदे नवे, म्हणून ठिपकाही निराळा. एका चित्रावरून काहीच ठरत नाही, शेकडो खेपांची सरासरी घ्यावी लागते.

पडदे आणि तरंग संगणकात बिंदूंच्या जाळीवर मांडलेले असतात, आणि खरी कसोटी त्या जाळीच्या कडांशी लागते. फूरियर रूपांतर जाळीला आवर्ती, म्हणजे कडेपलीकडे तीच पुन्हा सुरू होणारी, मानते, त्यामुळे उजव्या कडेबाहेर गेलेला प्रकाश डावीकडून पुन्हा आत येतो आणि तिथे नसलेले डाग उमटवतो. कडांजवळ प्रकाश हळूहळू शोषून घेणारी पट्टी ठेवली की हा उपद्रव आटोक्यात येतो. दुसरी त्रुटी अधिक फसवी आहे, कारण ती चित्रात दिसत नाही: जाळीपेक्षा मोठे भोवरे पडद्यात उतरतच नाहीत, आणि ठिपक्याची भटकंती तर मुख्यतः त्यांच्यामुळेच होते. परिणामी संगणकातील शलाका प्रत्यक्षापेक्षा स्थिर भासते. लेन, ग्लिंडेमान आणि डेंटी यांनी १९९२ मध्ये यावर उपाय सुचवला: जाळीच्या मूळ वारंवारतेहून कमी वारंवारतांचे, म्हणजे जाळीपेक्षा लांब लहरींचे, घटक वेगळे काढून पडद्यात मिळवायचे.