रेयुनियनच्या डोंगरवाटेवर खानदेशचा दगड

धुळे विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, जवळजवळ तितकंच रेयुनियन बेट दक्षिणेला: साधारण २१ अंश. मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेलं हे बेट फ्रान्सचा भाग आहे. क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तेवढ्यात तीन हजार मीटरचं शिखर, जिवंत ज्वालामुखी आणि शेकडो किलोमीटरच्या डोंगरवाटा. जगभरचे ट्रेकर तिथे जातात. खानदेशातला माणूस गेला तर त्याने जाताना एक ध्यानात ठेवावं: पायाखालचा काळा दगड त्याच्या घरच्याच नात्यातला आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. खाली, पृथ्वीच्या प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून), तप्त खडकाचा झोत वर येत होता. भूवैज्ञानिक त्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. तिथून ओसंडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. झिजून-झिजून उरलेलं हे बेसाल्टचं आवरण आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भूपट्ट उत्तरेला सरकत राहिला, झोत मात्र मागे राहिला. त्यावरून जाताना लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी माळ तयार झाली. पुढे महासागराच्या तळावरची, दोन भूपट्टांच्या सीमेवरची पर्वतरांग त्या झोतावरून सरकली, झोतावर आता आफ्रिकेचा भूपट्ट आला, आणि त्यावर आधी मॉरिशस व शेवटी रेयुनियन उभं राहिलं.

सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. दख्खनचा लाव्हा भूपट्ट ताणला जाऊन फाटल्यामुळे आला, झोताची गरजच नाही, असं म्हणणारे भूवैज्ञानिक आहेत. पण माळेतल्या खडकांची वयं दक्षिणेकडे क्रमाने कमी होत जातात. शिवाय लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने गोठतात, आणि दख्खनच्या दगडातले कण दक्षिण गोलार्धाचीच साक्ष देतात. मला तरी झोताची बाजू भारी वाटते.

बेटावरची सगळ्यात बोलकी वाट पितों द ला फूर्नेझ या २,६३२ मीटरच्या ज्वालामुखीची. जगातल्या सर्वांत जास्त जागत्या ज्वालामुखींपैकी हा एक. वाट कड्यावरून पायऱ्यांनी खाली प्रचंड खळग्यात उतरते आणि मग नुसत्या लाव्ह्यावरून जाते. धुकं आलं की चार पावलांपलीकडचं दिसत नाही, म्हणून दगडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून ठेवल्यात. एप्रिल २००७ च्या उद्रेकात शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला.

इथे वाकून दगड बघावा. कुठे पृष्ठभाग गुळगुळीत, वळ्या पडलेला. तो पातळ, सावकाश वाहिलेला लाव्हा. कुठे नुसता धारदार चुरा, बुटाचा तळ सोलून काढणारा. दोन्हींत वायूचे बुडबुडे राहून गेलेत आणि ते रिकामे आहेत. आपल्याकडे तेच बुडबुडे भरलेत. कोट्यवधी वर्षं खडकातून झिरपलेल्या पाण्याने सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. जळगाव, सावद्याकडच्या खाणींतले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांकडे पोचलेत. खाणीत खडी फोडणाऱ्याला मात्र हे स्फटिक बहुधा अडचणच.

दुसरी खूण डाइकची. भेगांतून वर चढताना मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) आतच गोठला की खडकाची उभी भिंत तयार होते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइक आहेत. बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या, तापीच्या खोऱ्याला समांतर. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि त्या काळ्या टेकड्या होऊन शेतांमधून मैलोन्‌मैल उभ्या राहिल्या. रेयुनियनमध्ये त्याच डाइक अजून डोंगराच्या पोटात आहेत. सालाझीसारख्या दरीच्या कड्यात त्या उभ्या रेघांसारख्या दिसतात, कारण पावसाने डोंगरच उभा चिरलाय.

आणि पाऊस तरी केवढा! जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक इथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. हा जागतिक विक्रम आहे. आपल्या शिंदखेड्याला एवढं पाणी बघायला तीन वर्षं थांबावं लागेल. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या पूर्व उतारावर पाणी ओततात, पश्चिम किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीच्या आडोशाला बसलेल्या खानदेशाला हे गणित समजावून सांगायला नको. चक्रीवादळांच्या पावसाने पितों द नेज (३,०७० मीटर) या थंडावलेल्या ज्वालामुखीभोवती सिलाओस, सालाझी आणि माफात हे तीन अफाट दऱ्यांचे गोल कोरलेत. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही. एकेकाळी गुलामीतून पळालेले लोक तिथे लपत. आता तिथल्या वस्त्यांत पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जाता येतं.

पितों द नेज चढणारे लोक आदल्या दिवशी २,४७८ मीटरवरच्या निवाऱ्यापर्यंत जातात आणि पहाटे तीनच्या सुमाराला टॉर्च लावून निघतात. सूर्योदय बघणं हे एक कारण. दुसरं ढगांचं. ऊन चढलं की समुद्रावरची दमट हवा उतारावरून वर सरकते, गार होते, आणि दहा-अकराच्या सुमाराला दऱ्या ढगांनी भरतात. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून किनाऱ्यावर घाम पुसणाऱ्याला जुलै-ऑगस्टच्या पहाटे शिखरावर हिमकण लागू शकतात. मेच्या उन्हात सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या चढावर निघणाराही पहाटेच पाय उचलतो, पण तो उन्हाच्या धाकाने. रेयुनियनमध्ये स्वेटर आणि रेनकोट दोन्ही घ्यावे लागतात, आणि मे ते नोव्हेंबरच्या कोरड्या महिन्यांत गेलेलं बरं.