स्कायरिममध्ये दोघं खेळणार, पण क्वेस्ट कुणाचा?

नोव्हेंबर २०११ मध्ये आलेला स्कायरिम हा एकट्याने खेळायचा गेम. मेन्यू उघडला की सगळं जग थांबतं. त्यात मित्रांसोबत खेळता यावं म्हणून चाहत्यांनी ‘स्कायरिम टुगेदर’ हा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर, बनवला. २०१२ च्या फेब्रुवारीत मॉड बनवायचं अधिकृत टूल हाती आलं, पण त्यातून नेटवर्कपर्यंत वाट नव्हती. याच मालिकेतल्या जुन्या मॉरोविंड गेमचं इंजिन चाहत्यांनी ओपन सोर्समध्ये नव्याने लिहून काढलं, म्हणून तिथे मल्टिप्लेअर बसवणं त्यामानाने सोपं गेलं. इथे मात्र चालू गेमच्या मेमरीतच हात घालावा लागला.

सायबर कॅफेत लॅनवर काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या मुंबईकरांना वाटायचं, अडचण पिंगची, म्हणजे नेटवरून डेटा जाऊन यायला लागणाऱ्या वेळाची असणार. पिंग तर शेवटी येतो. आधी ओळखीचा घोळ. गेममधल्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी हेक्स आयडी असतो आणि त्याचे पहिले दोन अंक लोड ऑर्डरवरून, म्हणजे मॉड कोणत्या क्रमाने लोड होतात त्यावरून ठरतात. म्हणजे मॉडमधली एकच तलवार दादरच्या पीसीवर ०७ ने सुरू होते, ठाण्याच्या पीसीवर ०९ ने. हा आयडी जसाच्या तसा पाठवून भागत नाही. खेळता खेळता तयार झालेल्या वस्तूंचे आयडी तर त्या त्या मशीनपुरतेच.

२०१९ मध्ये स्कायरिम टुगेदरच्या बीटात स्क्रिप्ट एक्स्टेंडर या दुसऱ्यांच्या मॉडिंग टूलचा कोड परवानगीशिवाय वापरल्याचा आरोप झाला. देणग्या सुरू असताना हे निघाल्याने गाजलंही बरंच. जुलै २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती, रीबॉर्न, आली, तीही ओपन सोर्स होऊन.

खरा वाद पेटला तो पार्टी लीडरवरून. रीबॉर्नमध्ये क्वेस्ट, म्हणजे गेममधली मोहीम, पुढे सरकवतो गटाचा लीडर. बाकीच्यांकडे तो सिंक होतो. लगेच ओरड झाली की मग उरलेले काय नुसते हमाल? तक्रार अगदीच खोटी नाही. लीडर जार्लशी, म्हणजे तिथल्या सरदाराशी बोलत असताना बाकीचे बाजारात कोबी-बटाटे उचलत फिरतात. पण दुसरा मार्ग काय होता? क्वेस्टला स्टेज असतात आणि स्टेज बदलली की स्क्रिप्ट चालून कुठे दार उघडतं, कुठे एखादं पात्र मरतं. दोघांनी एकाच वेळी दोन स्टेज ढकलल्या की क्वेस्ट लटकलाच. शिवाय ही सगळी स्क्रिप्टं ‘प्लेअर एकच’ असं धरून लिहिलेली. प्रत्येकाला आपापला क्वेस्ट द्यायचा म्हणजे जगही वेगवेगळं द्यायचं, मग एकत्र खेळण्यात राहिलं काय? त्यामुळे हा निर्णय नावडता असला तरी बरोबरच वाटतो. मेन्यू उघडल्यावर जग न थांबणं हे त्याच धाटणीचं. त्यावर मात्र कोणी फारसं भांडलं नाही. ड्रॅगन अंगावर येत असताना पोशन शोधायची सवय झाली.

आपल्याकडे पिंगच्याही आधी आणखी एक अडथळा येतो. केबलवाल्याच्या कनेक्शनवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपीच, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ताच नसतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करून घरी सर्व्हर चालवणं जमत नाही. मग व्हर्च्युअल लॅन जोडा, नाहीतर वर्गणी काढून सर्व्हर भाड्याने घ्या.