प्युबर्टी ब्लॉकर आणि हॉर्मोन: दोन औषधं, दोन वेगळे वाद

‘ब्रिटनमध्ये मुलांना लिंग बदलायची औषधं बंद झाली’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर फिरत फिरत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतही पोचतो. वाचणाऱ्याला वाटतं, असं एखादं एकच औषध असणार, ते चांगलं तरी असेल नाहीतर वाईट तरी. प्रत्यक्षात ब्रिटन सरकारने मे २०२४ मध्ये तात्पुरती आणि डिसेंबर २०२४ मध्ये बेमुदत बंदी घातली ती प्युबर्टी ब्लॉकरवर, म्हणजे वयात येणं रोखून धरणाऱ्या इंजेक्शनवर. शरीराला पुरुषी किंवा बायकी वळण देणारी टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही हॉर्मोनं त्या आदेशात नव्हती. उलट अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या ट्रान्सजेंडर मुलांसाठी दोन्ही बंद केली आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न एकच: बंदी नेमकी कशावर?

ब्लॉकर कसा काम करतो ते आधी पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. मूल वयात येऊ लागलं की तो दर ६० ते ९० मिनिटांनी जीएनआरएच नावाच्या हॉर्मोनचा एक छोटा झटका सोडतो. त्यावर शेजारची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोनं रक्तात सोडते आणि त्यांच्या हुकमावर अंडाशय इस्ट्रोजेन किंवा वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतात. ब्लॉकर म्हणून दिली जाणारी ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही औषधं म्हणजे याच जीएनआरएचची टिकाऊ नक्कल. गंमत अशी की ती सिग्नल बंद करत नाहीत, अखंड चालू ठेवतात. दारावरची बेल थांबून थांबून वाजली तर माणूस उठतो. दिवसभर वाजतच राहिली तर तो लक्ष देणं सोडून देतो. पिट्युटरीचं तसंच होतं.

पण लक्ष देणं सुटायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर एलएच उलट थोडं वाढतं. त्यामुळे पहिल्या इंजेक्शननंतर कधी छाती दुखते, कधी रक्तस्राव होतो, आणि ‘थांबवायला दिलं आणि पाळीच आली’ म्हणून घरचे घाबरून दवाखान्यात फोन लावतात. हे आधी सांगितलेलं असलं की निम्मी भीती जाते.

हे इंजेक्शन डेपो प्रकारचं, म्हणजे अंगात हळूहळू सुटत राहणारं असतं: ३.७५ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी, किंवा ११.२५ मिलिग्रॅम दर तीन महिन्यांनी. अनेक कंपन्यांच्या पाकिटात कुपीमध्ये कोरडी भुकटी आणि वेगळं द्रावण असतं. दोन्ही मिसळलं की दुधाळ पाणी होतं आणि ते लगेच टोचावं लागतं. मिसळून ठेवलं तर कण खाली बसतात, सुई तुंबते, आणि पूर्ण डोस गेला असं वाटूनही अर्धं औषध सिरिंजमध्येच राहतं. दुसरी नेहमीची चूक तारखेची. २८ दिवस म्हणजे चार आठवडे, ‘पुढच्या महिन्याची तीच तारीख’ नव्हे. जत्रा, लग्नसराई, परीक्षा यात पंधरवडा पुढे गेला तर पिट्युटरी पुन्हा जागी होते. पाकिटावर थंड ठेवायला सांगितलं असेल तर मिरजेहून घेतलेलं औषध दुपारच्या एसटीत नुसत्या पिशवीतून आणणं हाही डोस वाया घालवायचाच मार्ग. एकेक इंजेक्शन काही हजारांना पडतं.

ब्लॉकर कधी द्यायचा हे वयापेक्षा शरीरावर ठरतं. वयात येण्याचे टप्पे मोजणारी टॅनर श्रेणी २ सुरू झाल्याशिवाय, म्हणजे मुलीच्या छातीत पहिली गाठ हाताला लागल्याशिवाय किंवा मुलाच्या वृषणाचं आकारमान ४ मिलिलिटर झाल्याशिवाय, ट्रान्सजेंडर मुलांसाठीचं कोणतंही प्रमुख मार्गदर्शन ब्लॉकर सुचवत नाही. त्याआधी थांबवण्यासारखं काही नसतंच. ‘पाच वर्षांच्या पोराला औषध देतात’ हा फॉरवर्ड इथेच गळून पडतो. तसंच मिसरूड फुटलेल्या, आवाज फुटलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ब्लॉकर दिला तर झालेलं परत जात नाही, फक्त पुढचं थांबतं.

आता एक गोष्ट जी या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. आपल्याकडे हे इंजेक्शन ज्यांनी पाहिलंय, त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वेगळ्याच कारणासाठी पाहिलेलं असतं. मुलगी ८ वर्षांच्या आत किंवा मुलगा ९ वर्षांच्या आत वयात येऊ लागला तर त्याला अकाली पौगंडावस्था म्हणतात, आणि त्यावर १९८० च्या दशकापासून हेच औषध दिलं जातं. सातव्या वर्षी छाती दिसू लागलेल्या मुलीला डॉक्टर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतात, हाडांचं वय पुढे गेलंय का ते बघतात आणि इंजेक्शन सुरू करतात. कुपी तीच, डोसही बऱ्याचदा तोच. टेनेसीच्या कायद्यानेही या वापराला हात लावलेला नाही. समर्थक म्हणतात, इतकी वर्षं लहान मुलांना सुरक्षितपणे दिलेलं औषध अचानक विषारी कसं झालं? मुद्दा बिनतोड वाटतो, पण पूर्ण नाही. अकाली पौगंडावस्थेत अकराव्या वर्षाच्या आसपास इंजेक्शन बंद करतात आणि मुलगी वर्गातल्या मैत्रिणींच्या बरोबरीनेच वयात येते. ट्रान्सजेंडर मुलात मात्र वर्गातली सगळी मुलं वयात येत असतानाच हे थांबवून धरलं जातं. हाडात कॅल्शियम भरण्याचा जोर नेमका याच वर्षांत असतो आणि ब्लॉकरवर तो मंदावतो. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि दर काही महिन्यांनी उंचीची नोंद हे सगळं उपचाराचाच भाग आहे. इंजेक्शन चालू आणि तपासण्या बंद, असा उपचार अर्धवट.

हॉर्मोनं हा निराळा प्रकार. तिथे काही थांबवायचं नसतं, घडवायचं असतं. जन्माने मुलगी ठरलेल्या पण स्वतःला मुलगा मानणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन, आणि उलट असेल तर इस्ट्रोजेन. त्याच्या जोडीला बऱ्याचदा टेस्टोस्टेरॉन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध. किशोरवयात डोस प्रौढांच्या डोसच्या लहानशा हिश्श्याने सुरू होतो आणि दर सहा महिन्यांनी चढवतात, कारण निसर्गातही वयात येणं एका रात्रीत होत नाही. टेस्टोस्टेरॉनवर पाळी साधारण सहा महिन्यांच्या आत थांबते, सहा महिने ते वर्षभरात आवाज जड होतो, चेहऱ्यावर केस येतात. पाळी औषध सोडल्यावर परत येऊ शकते. आवाज आणि दाढी परत जात नाहीत. इस्ट्रोजेनवर तीन ते सहा महिन्यांत छाती वाढू लागते आणि ती वाढ औषध बंद केलं तरी राहते. मात्र फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही आणि आलेली दाढी जात नाही. यासाठी काहींना पुढे लेझर आणि आवाजाचा सराव करावा लागतो. ब्लॉकरचे समर्थक वेळेवर एवढा भर देतात तो याचमुळे. तपासण्याही वेगळ्या: टेस्टोस्टेरॉनवर रक्त दाट होत नाही ना म्हणून हिमॅटोक्रिट, इस्ट्रोजेनवर गुठळीचा धोका, प्रोलॅक्टिन, यकृत.

‘ब्लॉकर पूर्णपणे परतवता येतो’ आणि ‘ब्लॉकरने मूल वांझ होतं’ ही दोन्ही वाक्यं चुकीचीच. एकटा ब्लॉकर बंद केला की साधारण सहा महिने ते वर्षात पिट्युटरी पुन्हा कामाला लागते आणि बीजनिर्मितीचा रस्ता मोकळा होतो. एकट्या हॉर्मोनवर, वयात आल्यानंतर सुरू केलं असेल तर, आधी वीर्य किंवा बीजांड गोठवून ठेवता येतं. खरी अडचण दोन्ही एकापाठोपाठ आली की होते. टॅनर २ ला ब्लॉकर, मध्ये खंड न पडता थेट हॉर्मोन, तर त्या मुलाची बीजं कधी पक्व झालेलीच नसतात. गोठवायला हातात काही उरत नाही. जन्माने मुलगा असलेल्याच्या बाबतीत पुढे योनी-रचनेची शस्त्रक्रिया करायची ठरली तर त्यासाठी लागणारी त्वचाही अपुरी पडते आणि शल्यविशारदाला दुसरीकडची ऊती वापरावी लागते. म्हणून मूल होण्याबद्दलचं बोलणं पहिल्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवं, हॉर्मोनची वेळ येईपर्यंत थांबून नाही. बारा वर्षांच्या मुलाशी हे बोलणं अवघड आहे, हे खरंच. अवघड आहे म्हणून टाळता मात्र येत नाही.

वादाचा गाभाही इथेच दोन फाटे घेतो. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये बसवलेल्या पद्धतीत ब्लॉकर १२ व्या वर्षापासून, हॉर्मोन १६ व्या, शस्त्रक्रिया १८ व्या, अशी शिडी होती. ब्लॉकरचं काम ‘विचाराला वेळ देणं’ असं सांगितलं गेलं. ब्रिटनमध्ये १२ ते १५ वयाच्या ४४ मुलांच्या अभ्यासात ४३ जण पुढे हॉर्मोनवर गेले. एक बाजू म्हणते, निवड नीट झाली होती, म्हणून सगळे ठाम राहिले. दुसरी म्हणते, हा थांबा उरलाच नाही, ही पहिली पायरी झाली. त्या एका आकड्यातून दोन्हीपैकी काही सिद्ध होत नाही; तुलनेसाठी ब्लॉकर न दिलेला गट तिथे नव्हता. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाचा रोखही पुराव्याच्या या पातळीवर होता. स्वीडन आणि फिनलंडने त्याआधीच हात आखडता घेतला होता. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये तोच पुरावा समोर ठेवून, काळजीपूर्वक निवडलेल्या मुलांना ब्लॉकर देण्याची मुभा कायम ठेवली. पुरावा कमकुवत असल्याबद्दल फारसं दुमत नाही. भांडण आहे ते कमकुवत पुराव्याच्या काळात वाट पाहण्याची किंमत कोणी मोजायची यावर, कारण वाट पाहतानाही शरीर वाढतच असतं. हॉर्मोनबद्दलचा वाद यापेक्षा सरळ आहे: ज्याचे परिणाम आयुष्यभर राहणार ते कोणत्या वयात, किती जणांच्या तपासणीनंतर.

आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्मामुळे प्रश्नाला आणखी एक सावली पडते. मुलगा साडीकडे ओढला गेला की घरात पहिला शब्द येतो ‘जोगप्पा होणार की काय’. जोगप्पा ही देवीला वाहून घेण्याची परंपरा आहे, तिचा इंजेक्शनशी संबंध नाही, आणि लहानपणी मुलीसारखं खेळणारा प्रत्येक मुलगा पुढे ट्रान्सजेंडर असतो असंही नाही. अशा मुलाला ‘सरळ करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे हे माहीत असू द्या. मिरजेला जा, हुबळीला जा, राज्य बदललं म्हणून हे बदलत नाही. १८ खालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि मानसोपचारतज्ज्ञ व हॉर्मोनतज्ज्ञ दोघांनी पाहिल्याशिवाय चिठ्ठी मिळत असेल तर तिथून उठलेलं बरं.

प्रत्यक्षात नुकसान मात्र या दोन्हींशिवायही होतं. ते होतं मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या संततिनियमनाच्या गोळ्यांनी. छाती वाढावी म्हणून मुलं दिवसाला तीन-तीन, चार-चार गिळतात. त्यात इथिनिल इस्ट्राडिओल असतं. उपचारात वापरलं जाणारं इस्ट्राडिओल ते नव्हे. जास्त डोसला, त्यातही तंबाखू-सिगारेट असेल तर, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका बराच वाढतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि काय घेत होतो ते लाज न बाळगता सांगायचं. डॉक्टरला गोळीचं नाव कळलं तर गुठळीची तपासणी लवकर होते, नाहीतर पाय मुरगळला म्हणून मलम मिळतं.