‘लाँच’: एका शब्दाची दोन कुळे

कोकण किनाऱ्यावर लाँच म्हणजे माणसे नेणारी इंजिनाची लहान नाव, हे कोणाला सांगावे लागत नाही. वर्तमानपत्रांत मात्र हाच शब्द नव्या मोबाइलसाठी, सरकारी योजनेसाठी आणि श्रीहरिकोट्याहून सुटणाऱ्या अग्निबाणासाठी वापरला जातो, आणि त्यामुळे ‘पाण्यात सोडतात म्हणून ती लाँच’ असा उलगडा सर्रास केला जातो. तो सोपा आहे, पण चुकीचा आहे.

इंग्रजी क्रियापद फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ भाल्याच्या लॅटिन नावात आहे. भाला फेकणे, मग काहीही जोराने पुढे ढकलणे आणि सुमारे १४०० पासून जहाज पाण्यात उतरवणे, असा त्याचा प्रवास आहे. नारळी पौर्णिमेनंतर होडीला नारळ वाढवून, दोन्ही बाजूंनी खांदे लावून ती दर्यात ‘लोटतात’, त्या लोटण्याच्या अगदी जवळचा हा अर्थ आहे.

नावेचे नाव असलेला शब्द निराळा. मलाय भाषेत ‘लांचार’ म्हणजे चपळ, आणि ‘लांचारान’ म्हणजे वेगाने जाणारी हलकी नाव. गोवा १५१० मध्ये आणि मलाक्का १५११ मध्ये घेतल्यानंतर पोर्तुगीजांचा त्या समुद्रातल्या खलाशांशी रोजचा संबंध आला. त्यांच्या भाषेतल्या ‘लांचा’ या शब्दाचे मूळ बहुतेक कोशकार तिथेच शोधतात, जरी त्यापुढे ‘बहुधा’ लिहायला ते विसरत नाहीत. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस, युद्धनौकेवर बाळगल्या जाणाऱ्या मोठ्या होडीसाठी दिसू लागतो.

वादाची जागा इथेच आहे. कोशकारांनी ‘लाँच’च्या दोन स्वतंत्र नोंदी केल्या, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु परक्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग ठरताना ते जुन्या क्रियापदाच्या साच्यात बसवले गेले, म्हणजे बोलणाऱ्यांनी कोशाच्या कितीतरी आधी दोन्ही शब्द एक मानले होते. तरीही दोन नोंदींचा निर्णय आपण आग्रहाने जपला पाहिजे, कारण त्या एक केल्या की पूर्वेकडच्या खलाशांचे श्रेय पुसले जाते आणि सगळे युरोपच्या भाल्यापाशी येऊन थांबते.

मराठीत हा शब्द थेट पोर्तुगीजांकडून आला असावा, असेही म्हटले जाते. चौल आणि वसईवरचा त्यांचा दीर्घ अंमल, तसेच पगार, चावी, बटाटा हे शब्द पाहता ही समजूत स्वाभाविक आहे. पण उच्चार तिच्या विरुद्ध साक्ष देतो. थेट आला असता तर आपण साधा ‘आ’ उच्चारला असता; लिहिण्यातला अर्धचंद्र आणि बोलण्यातला ‘ऑ’ इंग्रजीची वाट दाखवतात. शिवाय ‘लांच’ हे रूप मराठीत आधीच अडकलेले होते. आजची ‘लाच’ पूर्वी अनुस्वार देऊन लिहीत, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढल्यावर तिला आताचे रूप मिळाले.

वाफेच्या आणि नंतर डिझेलच्या इंजिनांनी हा शब्द खाड्यांमध्ये रुजवला. मोठी आगबोट उथळ मुखातून आत शिरत नसे. दाभोळहून वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायचे तर लहान, कमी पाण्यात चालणारी नावच हवी. त्यातून किनाऱ्याने आपली वर्गवारी केली. वल्ह्यांची ती होडी, खाडी ओलांडून देते ती ‘तर’, माणसे नेणारी इंजिनाची लहान ती लाँच, मोठी ती बोट. भाऊचा धक्का ते रेवस या मार्गावर आज लाँच चालते, परंतु त्याच मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली ‘रामदास’ घराघरांत ‘रामदास बोट’ म्हणूनच सांगितली जाते. २००३ पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये गाड्या नेते ती फेरीबोट झाली, आणि २०२० मध्ये मांडव्याला सुरू झालेली, तशीच गाड्या नेणारी ती ‘रो-रो’; लाँच म्हणून कोणी त्यांना हाक मारत नाही.

क्रियापद मराठीत अलीकडे, जाहिरातींबरोबर आले. जहाजासाठी ‘जलावतरण’ आणि योजनेसाठी ‘लोकार्पण’ हे शब्द असतानाही ते टिकले आहे. मात्र मराठी व्याकरणाने दोन्ही कुळे वेगळी ठेवली आहेत: मोबाइल ‘लाँच झाला’, यात शब्दाला स्वतःचे लिंग नाही, रेवसची लाँच मात्र ‘सुटली’, आणि ती स्त्रीलिंगीच राहिली.